इंदूरचा बाजार आणि भाजप

इंदूरच्या व्यापाऱ्याचे भाजपशी असलेले नाते भाजपहून जुने आहे. १९५१ मध्ये जनसंघ स्थापन झाला तेव्हा या शहराचे राजकारण कापडगिरण्यांभोवती फिरत होते. गिरण्यांत काँग्रेसची इंटक आणि कम्युनिस्ट यांची चुरस होती. १९६२ मध्ये कामगारनेते होमी दाजी अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले ते कामगारांच्या बळावर. या झगड्यात गल्ल्यावर बसणाऱ्या दुकानदाराला कोणी विचारत नव्हते. मल्हारगंज, सराफा, सियागंज आणि कपडा मार्केटातला मारवाडी, जैन, अग्रवाल, सिंधी व्यापारी जनसंघाकडे वळला, आणि तिथे त्याला संघाच्या शाखेवर जाणारा मराठी मध्यमवर्ग भेटला. ‘शेठजी-भटजींचा पक्ष’ असे महाराष्ट्रात हिणवून म्हटले जाई. इंदुरात ते बऱ्याच अंशी साधे वर्णन होते. मूळचे धारचे कुशाभाऊ ठाकरे यांनी मध्य प्रदेशभर पक्षाची बांधणी केली ती सभांपेक्षा घरोघरच्या ओळखीवर.

ही पद्धत बाजाराला मानवली, कारण बाजारही ओळखीवरच चालतो. घाऊक कापडाचा व्यवहार बव्हंशी उधारीचा. माल आज उचलायचा, पैसे महिन्या-दोन महिन्यांनी द्यायचे. मध्ये दलालाचा शब्द आणि घराण्याची पत. समाजाची धर्मशाळा, व्यापारी असोसिएशन आणि शाखा या तिन्ही ठिकाणी तीच माणसे दिसतात. त्यामुळे इथला व्यापारी पक्षाला देणगी देऊन बाजूला होणारा कधीच नव्हता. वर्गणी तोच देई, बूथवर तोच बसे, अनेकदा नगरसेवकही त्याच्याच घरातला असे.

गिरण्या मोडल्या तेव्हा तराजू पूर्ण झुकला. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. (तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीपोटी २२४ कोटी रुपये मिळण्याचा मार्ग मोकळा झाला तो २०२३ च्या डिसेंबरात. कामगारांना बत्तीस वर्षे थांबायला लावणाऱ्या शहरात कोणाचे वजन किती होते, ते यावरून कळते.) त्याआधीच, १९८९ मध्ये, चिपळूणच्या माहेरवाशीण, भाजपच्या सुमित्राताई महाजन यांनी माजी मुख्यमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवले आणि त्या विजयासह सलग आठ निवडणुका जिंकल्या. महापौरपद २००० पासून भाजपकडेच आहे.

व्यापाऱ्याला सत्तेकडून रोज लागते ते फार मोठे नसते. दुकानापुढच्या ओट्यावर नगर निगमचे अतिक्रमण हटवणारे ‘रिमूव्हल’ पथक येऊ नये, मालाची गाडी दुपारी बाजारात शिरू द्यावी, परवान्याचा कागद अडू नये. त्यासाठी एक फोन पुरतो, आणि फोन उचलणारा आपल्यातला असतो. या पातळीवर हे नाते दोघांच्याही सोयीचे राहिले.

जिथे शासनाचा बेत मोठा असतो, तिथे मात्र फोन पुरत नाही. बडा गणपती ते कृष्णपुरा हा रस्ता स्मार्ट सिटी योजनेत रुंद करण्यात आला. पंचवीस फुटी गणेशमूर्तीच्या देवळापासून मल्हारगंज, गोराकुंड, खजुरी बाजार असा राजवाड्याकडे जाणारा हा पट्टा पक्षाच्या जुन्या मतदारांचा. दुकानांचे दर्शनी भाग छाटले गेले. दहा-बारा फूट खोलीच्या दुकानाचा पुढचा भाग गेला की गल्ला, कपाट आणि गिऱ्हाईक उभे राहण्याची जागा यांपैकी एक काहीतरी जातेच. रस्ता गरजेचा होता, हे खरे. पण आखणी आधी ठरली आणि दुकानदारांशी बोलणे नंतर झाले. इतक्या वर्षांच्या निष्ठेने तो क्रम बदलला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये शीतलामाता बाजारात तर हुकूम उलट दिशेने आला. साड्यांच्या या बाजारातल्या मुस्लिम सेल्समनना २५ तारखेपर्यंत काढून टाका, असे भाजपच्या शहर पातळीवरच्या एका पदाधिकाऱ्याने व्यापाऱ्यांना बजावले आणि असोसिएशनने ते मान्य केले. साडी उलगडून दाखवणे, गिऱ्हाइकाची नजर ओळखणे हे कसब असलेली, वर्षानुवर्षांची माणसे सणाच्या तोंडावर दुकानातून गेली. दुकानात कोणाला ठेवायचे हा मालकाचा सगळ्यात जुना हक्क, आणि तो पक्षाच्या पायाशी ठेवला गेला. नोकरी गमावलेल्यांवर हा उघड अन्याय होता. मालकांनीही त्या दिवशी जे दिले ते परत मागणे त्यांना सोपे जाणार नाही.

‘नाही’ म्हणायचे तर जायचे कुठे, हा प्रश्न २०२४ च्या लोकसभा निवडणुकीने आणखी अवघड केला. काँग्रेसचे उमेदवार, शिक्षणसंस्था चालवणारे अक्षय कांती बम यांनी २९ एप्रिलला अर्ज मागे घेतला आणि भाजपमध्ये प्रवेश केला. भाजपचे शंकर लालवानी ११,७५,०९२ मतांनी विजयी झाले. ‘नोटा’ला २,१८,६७४ मते पडली. स्वतः उद्योजक असलेल्या विरोधी उमेदवारालाही बाहेर राहणे परवडले नाही, हे शहरातल्या प्रत्येक दुकानदाराने पाहिले.

कराच्या बाबतीत सौदेबाजी थोडी वेगळी चालते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तोवर करमुक्त असलेल्या कापडावर ५ टक्के लागले. कपडा बाजारांनी संप केले, कर राहिला. नमकीनवर आधी सरसकट १२ टक्के होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जीएसटी परिषदेने बिगरब्रँड मालाचा दर ५ वर आणला. त्यानंतर डब्यातून तोलून दिलेल्या शेवेवर ५ आणि नोंदणीकृत ब्रँडच्या पाकिटातल्या त्याच शेवेवर १२ टक्के, असा भेद सप्टेंबर २०२५ पर्यंत टिकला. कापडावरचा कर १ जानेवारी २०२२ पासून १२ टक्के व्हायचा होता. ३१ डिसेंबरच्या बैठकीत तो थांबला. इंदूर, सुरत, भिवंडी, इचलकरंजीचे व्यापारी एकाच वेळी ओरडत होते, उत्तर प्रदेशची निवडणूक तोंडावर होती. शिवाय परिषदेत गुजरातच्या भाजप सरकारबरोबरच पश्चिम बंगाल, तामिळनाडू, राजस्थान आणि दिल्ली या विरोधी सरकारांनीही वाढीला हरकत घेतली होती. इंदूरच्या कपडा मार्केटाचा कर वाचला त्यात, ज्यांना त्या मार्केटाने कधी मत दिले नव्हते अशा पक्षांच्या अर्थमंत्र्यांचाही वाटा होता.