पायाखालची फुलं



मागच्या हिवाळ्यात आमच्या घरी एक अपघात झाला, त्यातून हा लेख. रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना आमचे हे एका वर आलेल्या फरशीला अडखळले आणि पडले. मनगट मोडलं. खुब्याचं हाड वाचलं हे नशीब. आम्ही इतकी वर्षं नर्स होतो, पडलेले म्हातारे किती उचलले असतील त्याचा हिशोब नाही. आणि आपल्याच घरातली हलणारी फरशी आम्हाला दोन वर्षं दिसत असून दिसली नाही!

मुलगा लगेच म्हणाला, "आई, हे सगळं उखडून टाकू. नवीन पोर्सलेन घालू." आम्ही काही बोललो नाही. पण नात खाली बसून फरशीवरच्या फुलांवरून बोट फिरवत होती. ती म्हणाली, "आजी, ही फुलं पण टाकणार?"

आमचं घर हैफाच्या हदार भागात, ब्रिटिश अमदानीतल्या इमारतीत. 1978 साली घेतलं. मधल्या खोलीत गालिचा पसरल्यासारखी नक्षी आहे: तांबडी, करडी, निळी फुलं आणि कडेने किनार. मुलांनो, ही फरशी भट्टीत भाजलेली नसते बरं का! कारागीर लोखंडी चौकटीत पितळी पट्ट्यांचा साचा ठेवतो, रांगोळीच्या साच्यासारखा. त्याच्या एकेका खणात रंग मिसळलेलं पातळ सिमेंट ओततो. मग साचा अलगद उचलतो, वर कोरडं सिमेंट आणि वाळू घालतो आणि मोठ्या दाबयंत्राखाली दाबतो. पुढे ओलाव्यात ठेवली की ती हळूहळू दगडासारखी घट्ट होते. रंगाचा थर फक्त तीन-चार मिलिमीटर जाड असतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

ही कला एकोणिसाव्या शतकात युरोपातून सगळीकडे पसरली. इथे याफामध्ये अशा फरश्या होत असत. आणि आपल्या कोकणातही! 1922 साली फिरोजशा आणि रुस्तम सिधवा या पारशी काका-पुतण्यांनी भारत फ्लोअरिंग्ज सुरू केली, तिचा कारखाना उरणला होता. परदेशी फरशी नको, स्वदेशी हवी, हा त्यामागचा विचार. आमच्या आजोळी शेणाने सारवलेली जमीन आणि मुंबईच्या खोलीत शहाबादी. तरी नक्षीची फरशी पाहिली की मुंबईच्या जुन्या इमारतींचे जिने आठवतात.

तर मुलाच्या समजुतीसाठी एका जुन्या रत्साफला, म्हणजे फरशी बसवणाऱ्या कारागिराला बोलावलं. त्याने काठीने एकेक फरशी ठोकून पाहिली, आम्ही रोग्याची पाठ ठोकून पाहायचो तशी. पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण केली. मग म्हणाला, "फरशी चांगली आहे. आजार खाली आहे." आपल्याकडे फरशी वाळूच्या थरावर बसवतात आणि नळही त्याच वाळूतून जातात. आमचा नळ कधीचा थेंब थेंब गळत होता. वाळू वाहून गेली, फरशी एका बाजूला खचली आणि दुसरी वर आली. उखडून नवीन घातली असती आणि नळ तसाच राहिला असता, तर ती पण हललीच असती.

त्याने सैल फरश्यांवर आकडे लिहिले, फोटो काढला आणि एकेक सोडवली. वाळूमुळे बहुतेक अख्ख्या निघाल्या. नळ बदलला, वाळू समतल केली, फरश्या आकड्यांप्रमाणे परत बसवल्या. दोन फुटल्या होत्या. त्यांच्या जागी कपाटाखालच्या दोन आणून लावल्या आणि कपाटाखाली साध्या घातल्या. तिथे कोण बघतंय!

मग सफाई. इथे आम्हाला आमची चूक कबूल केली पाहिजे. पहिल्याच पेसाहला घर चकचकीत करायचं म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी अॅसिड ओतून घासलं होतं. फेस आला, आम्हाला वाटलं मळ निघतोय. निघत होता तो रंग! कारागीर म्हणाला, हे आता परत येणार नाही, जास्त घासलं तर उरलेला थरही जाईल. बाकी जमीन त्याने पाणी टाकत, हलक्या हाताने पॉलिश केली. कोरडी घासू दिली नाही, कारण सिमेंट-दगडाची धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. पूर्ण वाळल्यावर आत मुरणारं संरक्षक द्रव्य लावलं. वर चमकणारं वार्निश लावलं नाही. त्याने खालचा ओलावा कोंडतो आणि पाय पण घसरतो.

जुनी फरशी असणाऱ्यांनी एवढं करा. आधी केरसुणीने रेती काढा, मग थोडं पाणी आणि सौम्य साबण. लिंबू, व्हिनेगर, अॅसिड, काही नको. आणि जमीन कसलीही असो, अॅसिड आणि क्लोरीनचं ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. सफाईच्या दिवसांत अशा खोकत आलेल्या बायका आम्ही हॉस्पिटलात पाहिल्या आहेत. घरात म्हातारं माणूस असेल तर महिन्यातून एकदा हलणारी फरशी शोधा, सुटी पायपुसणी काढून टाका, न्हाणीघराच्या वाटेवर रात्री छोटा दिवा ठेवा.

आता आमचे हे काठी घेऊन त्याच वाटेने जातात, फरशी हलत नाही. दाराशी तो पांढुरका डाग आहे. मुलाने विचारलं, यावर चटई टाकू का? आम्ही नको म्हटलं. चटईला पाय अडकतो. आणि नात विचारते, "आजी, इथली फुलं कुठे गेली?" तेव्हा तिला खरं सांगावं लागतं.

तुमच्या घरच्या फरशीची गोष्ट कळवा. पुढच्या अंकी भेटू.