दारात एक पेरू लावा



आपल्या घरात फळ केव्हा येते? कोणी आजारी पडले, दवाखान्यात भेटायला जायचे असले, म्हणजे. एरवी फळ ही आजाऱ्याची वस्तू, असे आपण ठरवूनच टाकले आहे. आमच्या लहानपणी गावात फळझाडे होती, पण ती दुसऱ्यांची. आपल्या वस्तीला पाणीच नव्हते, तिथे झाड कशावर जगणार? मळ्याच्या वाटेवर पडलेला पेरू उचलला म्हणून मी शिव्या खाल्लेल्या आहेत. त्या अजून आठवतात.

आज बहुतेकांच्या दारात नळ आहे. चार हात जागाही निघते. मग तिथे एक पेरू का असू नये?

जात घ्यावी 'सरदार' म्हणजेच लखनौ-४९. नावात लखनौ असले तरी ही जात आपल्या पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९२७ साली निवडली गेली. त्याच साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते, हे ध्यानात ठेवायला सोपे आहे. बी लावू नका, त्याचे फळ कसे निघेल याचा नेम नाही. रोपवाटिकेतून कलमच आणा.

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, तेव्हा पाऊस असतो. तोच लावणीचा काळ. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घ्या. माती, कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरा. कलमाचा जोड मातीत गाडू नका. शेजारी काठी रोवून बांधा. जागा नसेल तर मोठा ड्रम अर्धा कापून, बुडाला भोके पाडून त्यात लावा. दिवसातून पाच-सहा तास ऊन मात्र हवेच.

पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाका. जीव हळहळतो, पण झाड आधी मजबूत होऊ द्यावे. दोन-तीन वर्षांत फळ धरते. पेरूला नव्या फुटीवर फळ येते, म्हणून शेंडे छाटत राहावे. झाड हाताच्या उंचीवर राहते, मुलांना चढावे लागत नाही.

पावसाळ्यात पिकणारा पेरू पाणचट असतो व त्यात अळ्या पडतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चची फुले काढून टाका, एप्रिल-मे महिन्यांत पाणी कमी करा. मग पावसाच्या सुरुवातीला फुले येतात आणि थंडीत गोड फळ मिळते. फळ लिंबाएवढे झाले की त्याला कागदाची पिशवी बांधा. किडके फळ झाडाखाली पडू देऊ नका. अळी तिथल्याच मातीत कोष करते आणि पुन्हा माशी होऊन येते. गर्द हिरवा रंग फिकट पिवळसर झाला, की फळ तोडावे आणि धुऊन तसेच खावे.

शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते, संत्र्याच्या तिपटीहून जास्त. भाकरी, डाळ, पालेभाजीतले लोह अंगी लागायला ते मदत करते. आपल्या कितीतरी आयाबहिणींना रक्त कमी असल्याचे डॉक्टर सांगतात. त्यांनी गोळ्या सोडू नयेत, पण जेवणाबरोबर दारातला एक पेरू जरूर खावा. घरात बाई सर्वांना वाटून शेवटी उरेल ते खाते, ही रीत निदान या झाडापासून तरी मोडू या.

आपण विहारात बोधिवृक्ष लावतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर घरी एक फळझाड लावा आणि त्याला पाणी घालण्याचे काम मुलांकडे द्या. न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातले दुसरे शील आपण मुलांना शिकवतो. दारात झाड असेल तर ती देण्यासही शिकतील. रस्त्याने जाणाऱ्या पोराने पेरू मागितला, तर त्याला द्या. त्याची जात विचारू नका, आणि शिवी तर मुळीच देऊ नका.

जयभीम!