विश्लेषण : एक ‘रन’ बटण आणि 412 कामगारांचा ओव्हरटाइम

डेटाबेसमध्ये चूक झाली की दोष ऑपरेटरवर जातो. पण चूक होणार हे धरूनच एडिटर का बनवला जात नाही? आपल्या सातबाऱ्याची पद्धत याबाबतीत बऱ्याच सॉफ्टवेअरपेक्षा शहाणी आहे.

नेमकं काय झालं होतं?

बातमीदारीत येण्याआधी मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत आयटीचं काम करायचो. एका शुक्रवारी संध्याकाळी साधं काम आलं. एका कंत्राटी कामगाराचा महिन्याचा ओव्हरटाइम 4 तासांऐवजी 40 पडला होता, तो दुरुस्त करायचा.

मी दोन ओळींची क्वेरी लिहिली. पहिल्या ओळीत ‘ओव्हरटाइम 4 करा’, दुसऱ्या ओळीत ‘फक्त या टोकन नंबरचा’. चालवण्यासाठी ती माऊसनं सिलेक्ट केली, पण सिलेक्ट झाली फक्त पहिली ओळ. एडिटरनं तेवढीच चालवली. खाली मेसेज आला : 412 ओळी बदलल्या.

ज्याचा ओटी 46 तास होता त्याचाही 4 झाला, आणि ज्यानं एकही तास केला नव्हता त्याचाही 4. शेवटचा बॅकअप रविवारचा होता. सोमवारपासूनचे तास गेटवरच्या सिक्युरिटीच्या रजिस्टरमधून हातानं उतरवून काढले. ते रजिस्टर वहीत होतं म्हणून वाचलो. नाहीतर पगाराच्या दिवशी ‘साहेब, माझा ओटी कुठे गेला?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

एडिटरनं विचारलं का नाही?

कारण त्याच्या दृष्टीनं काही चुकलंच नव्हतं. ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ या आज्ञेत ‘व्हेअर’ची अट नसेल, तर ती संपूर्ण टेबलला लागू होते. व्याकरण बरोबर, परवानगी होती, काम झालं.

दुसरं कारण ऑटोकमिट. अनेक टूलमध्ये हे आधीपासून चालू असतं. म्हणजे बटण दाबताच बदल कायमचा होतो. ते बंद असेल तर बदल आधी ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये राहतो. तो पक्का करायला ‘कमिट’ आणि मागे घ्यायला ‘रोलबॅक’ म्हणावं लागतं.

यावर काहीच सोय नाही का?

आहे. मायएसक्यूएल वर्कबेंचमध्ये ‘सेफ अपडेट’ नावाची सोय आहे. त्यात अट नसलेली किंवा की-कॉलम न वापरणारी ‘अपडेट’-‘डिलीट’ अडवली जाते आणि एरर 1175 येते. मायएसक्यूएलच्या कमांड लाइनवर याच सोयीचं दुसरं नाव आहे ‘आय ॲम अ डमी’, म्हणजे ‘मी बावळट आहे’. विनोद म्हणून ठीक आहे. पण त्यातून वृत्ती दिसते : संरक्षण हवं असणारा तो बावळट, हुशाराला गरज नाही.

एमआयडीसीत असं कोणी म्हणत नाही. वीस वर्षं वेल्डिंग करणाऱ्यालाही हॉट वर्क परमिटशिवाय टाकीजवळ टॉर्च पेटवता येत नाही. परमिट नवशिक्यांसाठी नसतं, टाकीसाठी असतं.

मग ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं विचारलं तर?

त्यानं फारसं साधत नाही. दिवसातून पन्नास वेळा आलेल्या प्रश्नाला बोट आपोआप ‘ओके’ दाबतं. मीही दाबलं असतं, कारण मला खात्री होतीच! चूक करणाऱ्याला त्या क्षणी आपण बरोबर आहोत असंच वाटत असतं.

म्हणून एडिटरनं खात्री विचारू नये, परिणाम दाखवावा. ‘या क्वेरीनं 412 ओळी बदलतील. त्यातल्या पहिल्या दहा या : जुना आकडा, नवा आकडा.’ एका माणसाचं काम करायला बसलेल्याच्या डोळ्यांना 412 लगेच खटकेल.

यात सातबाऱ्याचा काय संबंध?

जमिनीचा मालक बदलला म्हणून सातबाऱ्यावरचं नाव तिथल्या तिथे बदलत नाही. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आधी फेरफार नोंद धरतात. संबंधितांना नोटीस जाते. हरकतीसाठी 15 दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. जुनं नाव खोडून गायब करत नाहीत, त्याला कंस करतात. कोणत्या फेरफारानं बदल झाला तो क्रमांक शेजारी राहतो.

फेरफारासाठी हेलपाटे घातलेल्या कुणालाही त्याचं कौतुक वाटणार नाही, आणि तिथे चुका होत नाहीत असंही नाही. पण रचना पाहा. बदल आधी प्रलंबित, दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्यावर पक्का, आणि जुनी नोंद शाबूत. डेटाबेस एडिटरनंही हेच करावं. फक्त 15 दिवसांऐवजी 15 सेकंदांत.

पण काम अडणार नाही का?

हा आक्षेप खरा आहे. प्लँट बंद पडलेला असताना रात्री दोन वाजता परवानगीसाठी कुणाला उठवायचं? शिवाय ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून कुणी चहाला गेलं, तर त्या ओळी लॉक राहतात आणि इतरांची कामं खोळंबतात.

म्हणून सरसकट कुलूप नको. नुसतं वाचणाऱ्या क्वेरीला कसलीच अडचण नसावी. लाइव्ह डेटावरचं कनेक्शन आधी ‘फक्त वाचा’ स्थितीतच उघडावं आणि खिडकीला ठळक लाल पट्टी असावी. बदल ठरावीक वेळेत कमिट झाला नाही तर आपोआप रोलबॅक व्हावा. तातडीचा मार्ग ठेवावा, पण त्याची नोंद राहावी.

एक मर्यादाही लक्षात ठेवायला हवी. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये टेबलच उडवणाऱ्या ‘ड्रॉप’सारख्या आज्ञा स्वतःहून कमिट होतात, तिथे रोलबॅकचा उपयोग नाही. तिथे तारतो तो बॅकअप, तोही परत चालवून तपासलेला.

मोठ्या कंपन्यांत असं होतं का?

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत दुरुस्ती करणाऱ्या इंजिनीअरनं राखीव सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या अनेक सोयी ऐनवेळी निकामी निघाल्या आणि सुमारे 6 तासांचा डेटा गेला. कंपनीनं सगळा प्रकार जाहीर लिहिला. त्यानंतरच्या सुधारणांत एक साधी गोष्ट होती : आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत हे स्क्रीनवर स्पष्ट दिसावं.

आपल्याकडे उलट होतं. बोईसर-पालघरच्या ऑफिसांत हजेरी, पगार, गेटपासचा डेटा अनेकदा कंत्राटावरची मुलंच सांभाळतात. चूक झाली की मुलगा बदलतो, एडिटरची सेटिंग तीच राहते. पुढच्या मुलासमोरही तेच बटण असतं.

मला त्या रात्री कुणी काढलं नाही, हे माझं नशीब. सोमवारी मी सेफ अपडेट चालू केलं आणि ऑटोकमिट बंद केलं. दोन्हीला मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. तुमच्या ऑफिसात ते चालू आहे का, आज विचारून बघा.