आडात नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

मलेशियाच्या शासनाने राष्ट्रीय सेवा प्रशिक्षणाची योजना 2025 सालच्या जानेवारीत पुन्हा हाती घेतली. एकाच योजनेचा हा तिसरा जन्म होय. 2004 साली ती प्रथम सुरू झाली. 2015 साली काटकसरीच्या कारणास्तव स्थगित झाली. 2016 साली नव्या रूपात परतली. 2018 साली सत्तापालट होताच मोडीत निघाली. आणि आता 45 दिवसांच्या शिबिराच्या रूपाने ती पुन्हा उभी राहिली आहे. जी योजना दोनदा बंद पडते आणि दोन्ही वेळा पुन्हा सुरू होते, तिच्याविषयी एक अनुमान निर्धास्तपणे काढता येते. तिची गरज प्रत्येक राज्यकर्त्यास वाटते, परंतु तिच्यावर पुरता विश्वास मात्र कोणाचाच नाही. भारतीय वंशाचे सुमारे 20 लक्ष नागरिक ज्या देशात राहतात, त्या देशाचा हा प्रश्न आम्हांस परका मानता येणार नाही.

या योजनेमागील हेतू स्तुत्य होता, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. अठरा वर्षांच्या मुलामुलींची निवड चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे संगणकाने करावी, मलाय, चिनी व भारतीय वंशाच्या तरुणांस तीन महिने एका शिबिरात ठेवावे, त्यांनी एका पंगतीस जेवावे, एका छपराखाली निजावे, कवायत आणि समाजसेवा बरोबरीने करावी, अशी मूळची कल्पना होती. आयुष्यात प्रथमच दुसऱ्या वंशाचा सोबती शेजारच्या खाटेवर लाभला, असे तेथून परतलेल्या कित्येकांस वाटले असेल, आणि तो लाभ क्षुल्लक नव्हे. परंतु याच वाक्यातील 'प्रथमच' हा शब्द त्या देशाच्या दुखण्याकडे बोट दाखवितो. एकाच गावात वाढलेल्या मुलांस परस्परांची ओळख होण्यासाठी अठराव्या वर्षापर्यंत थांबावे लागते, तेथे मधली वर्षे कोठे गेली?

ती वर्षे निरनिराळ्या शाळांत गेली. मलेशियात प्राथमिक शिक्षण मलाय, चिनी व तमिळ अशा तीन माध्यमांच्या शाळांतून दिले जाते. चिनी वंशाची बहुतेक मुले चिनी शाळेत जातात, तमिळ कुटुंबांतील पुष्कळशी तमिळ शाळेत, आणि राष्ट्रीय म्हणविल्या जाणाऱ्या शाळेत मुख्यत्वेकरून मलाय मुले उरतात. खाणींसाठी चिनी मजूर आणि रबराच्या मळ्यांसाठी तमिळ मजूर आणून, प्रत्येकास आपापल्या वस्तीत व धंद्यात ठेवण्याची जी रीत ब्रिटिश अमदानीत पडली, तिची सावली 1957 सालच्या स्वातंत्र्यानंतरही सरली नाही.

या साऱ्याचे खापर मातृभाषेच्या शाळांवर फोडण्याचा मोह तेथील पुष्कळ पुढाऱ्यांस होतो. आम्हांस तो मार्ग मान्य नाही. मातृभाषेतून शिकण्याची ओढ म्हणजे राष्ट्रद्रोह नव्हे, हे मराठी वाचकास वेगळे समजावून सांगावयास नको. शिवाय प्रत्यक्ष अनुभवही उलट साक्ष देतो. अलीकडे चिनी शाळांतून मलाय आणि भारतीय वंशाची मुले लक्षणीय संख्येने दिसू लागली आहेत. त्यांच्या आईबापांस कोणी एकात्मतेचे व्याख्यान दिले नव्हते. शिक्षण चांगले मिळते आणि चिनी भाषा पुढे उपयोगी पडते, एवढेच त्यांनी पाहिले. भीती नसेल आणि लाभ दिसत असेल, तर माणसे वंशाची कुंपणे आपण होऊन ओलांडतात. प्रश्न आहे तो भीतीचा, आणि ती भीती शाळेच्या पलीकडे उगम पावते.

13 मे 1969 रोजी क्वालालंपूर येथे वांशिक दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार तीत 196 माणसे मृत्युमुखी पडली. देशात आणीबाणी पुकारण्यात आली आणि संसद 1971 सालापर्यंत भरू शकली नाही. त्यानंतर दोन उपाय योजण्यात आले. 31 ऑगस्ट 1970 रोजी 'रुकुन नगारा' ही पाच तत्त्वांची प्रतिज्ञा घोषित झाली. ईश्वरावर श्रद्धा, राजा व देशाशी निष्ठा, संविधानाचे श्रेष्ठत्व, कायद्याचे राज्य आणि सद्वर्तन ही ती तत्त्वे होत. 1971 साली नवे आर्थिक धोरण आले. मलाय आणि इतर स्थानिक जमातींना तेथे 'भूमिपुत्र' म्हणतात. शब्द आपलाच आहे आणि त्यामागची भावनाही आपणांस अनोळखी नाही. या भूमिपुत्रांना शिक्षणात, नोकऱ्यांत व उद्योगांत विशेष स्थान देण्याचे ते धोरण होते. घटनेच्या 153 व्या कलमाचा त्यास आधार होता.

हे धोरण सर्वस्वी अन्याय्य होते, असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. 1970 साली द्वीपकल्पीय मलेशियातील जवळजवळ निम्मी कुटुंबे दारिद्र्यात होती आणि त्यांत मलाय शेतकऱ्यांचा व कोळ्यांचा भरणा मोठा होता. ते दारिद्र्य पुढील दोन दशकांत झपाट्याने हटले, मलाय मध्यमवर्ग उदयास आला, ही त्या देशाची खरी कमाई आहे. परंतु वीस वर्षांसाठी म्हणून बांधलेला मांडव अर्धशतक उलटले तरी उभाच राहिला. त्याच्या सावलीत सुखवस्तू भूमिपुत्रही बसले, आणि मळा सुटल्यावर शहराच्या कडेस फेकला गेलेला गरीब तमिळ मजूर मात्र उन्हातच राहिला. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, 1971 सालच्या घटनादुरुस्तीनंतर या तरतुदींच्या अस्तित्वासच आव्हान देणे संसदेतही गुन्हा ठरले. ज्या प्रश्नाविषयी बोलण्याची वडीलधाऱ्यांनी एकमेकांस बंदी केली, तो प्रश्न अठरा वर्षांच्या मुलांनी शिबिरात सोडवावा, अशी आता अपेक्षा आहे!

शिबिरातून घरी परतलेल्या दोन मित्रांचे उदाहरण घ्या. एक मलाय, दुसरा चिनी. दोघांनी एका ताटात खाल्ले, पावसात एकत्र कवायत केली, परस्परांच्या सणांस येण्याची वचने दिली. आता दोघेही विद्यापीठाची वाट धरतात. तेथे सरकारी मॅट्रिक्युलेशन अभ्यासक्रमाच्या 100 जागांपैकी 90 भूमिपुत्रांसाठी आणि 10 इतर सर्वांसाठी, असा दंडक त्यांस भेटतो. 2024 साली दहा विषयांत 'ए' श्रेणी मिळविणाऱ्यास वंश न पाहता प्रवेश देण्याचे शासनाने जाहीर केले, हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि ज्याची श्रेणी त्याहून थोडी खाली आहे, त्याच्यापुढे दरवाजा पूर्वीइतकाच अरुंद आहे. तीन महिन्यांत शिबिराने दोघांस सांगितले, 'तुम्ही एक आहात.' प्रवेशाच्या अर्जाने एका ओळीत विचारले, 'तुम्ही कोणत्या वंशाचे?' यांपैकी कोणता धडा मुलाच्या मनावर कायमचा ठसेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

म्हणून शिबिरे बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. ती आणखी कोवळ्या वयात सुरू व्हावीत, कवायतीस कमी आणि सहजीवनास अधिक वेळ द्यावा, आणि शिबिर संपल्यावर मैत्री टिकविणारी काही व्यवस्था गावोगावी असावी. तीन माध्यमांच्या शाळा एकाच आवारात, एकाच मैदानावर व एकाच उपाहारगृहाभोवती उभारण्याचा प्रयोग तेथे पूर्वीच झाला आहे. आपली भाषा गिळली जाईल या भयाने चिनी शिक्षणसंस्थांनी त्यास विरोध केला. भाषेस अभय देऊन तो प्रयोग पुन्हा विस्ताराने करता येईल. परंतु या सर्वांआधी मदतीचा निकष जन्मावरून काढून गरजेवर आणला पाहिजे. तसे झाले तरी गरीब मलाय कुटुंबाचे काही हिरावले जाणार नाही, कारण गरजवंतांत त्यांची संख्या मोठीच असणार. हिरावली जाईल ती धनवंताची सवलत, आणि तीच सोडण्यास तेथील राजकारण तयार नाही.

आमच्या जुन्या म्हणीत हे सारे सामावले आहे. एकात्मतेचे पाणी शिबिराच्या पोहऱ्यात हवे असेल, तर ते आधी शाळेच्या, नोकरीच्या आणि कायद्याच्या आडात असावे लागते. पोहरा तीनदा बदलून झाला. मलेशियाच्या राज्यकर्त्यांनी आता आड उपसावयास घ्यावा.