उतारा आधी, प्रश्न मग

काशीगावात आमच्याच इमारतीतली एक मुलगी डिसेंबरच्या ‘क्लॅट’ची, म्हणजे कायद्याच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करतेय. तिच्या क्लासच्या चोपडीत पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापलंय: उतारा वाचत बसू नका, प्रश्न वाचा, त्यातला शब्द उताऱ्यात शोधा, खूण करा, पुढे व्हा. याला ते ‘स्मार्ट वाचन’ म्हणतात. मी याला न वाचणं म्हणतो.

या सूत्राच्या पूर्वपक्षाचा मुख्य आधार वेळ. 120 प्रश्न, 120 मिनिटं, चुकलं की पाव गुण वजा. एवढ्यात साडेचारशे शब्दांचा उतारा कोण वाचणार? हिशेबच करू. मिनिटाला दोनशे शब्द या बेतानं साडेचारशे शब्दांना सव्वादोन मिनिटं लागतात. त्यावर पाच प्रश्न, म्हणजे एकूण पाच मिनिटं धरली तर उरतात पावणेतीन मिनिटं, प्रश्नामागे अर्ध्या मिनिटाहून थोडी जास्त. आता शोधाशोधीचा हिशेब: पाच प्रश्न वाचा, उताऱ्यात पाच वेळा शिरा, दर वेळी मागचं-पुढचं वाक्य चाचपा. म्हणजे उतारा वाचून होतोच, फक्त तुकड्यातुकड्यांत आणि उलटसुलट. वाचलेला वेळ गेला कुठे?

पण वेळेपेक्षा मोठी खोट दुसरीच आहे. त्या मुलीसाठी मी चार ओळी लिहिल्या: ‘सुनावणी दिल्याशिवाय परवाना रद्द करू नये, असं बरेच जण म्हणतात. ते चूक नाही. पण बॉयलरला तडा गेलेला असताना कारखान्याला आधी टाळं ठोकलं आणि मग मालकाचं म्हणणं ऐकलं, तर अन्याय झाला असं म्हणता येणार नाही.’ प्रश्न: लेखकाचं मत काय? तिनं सूत्राप्रमाणे ‘सुनावणी’ हा शब्द गाठला आणि ‘सुनावणीशिवाय केलेली कारवाई नेहमीच बेकायदा’ या पर्यायावर खूण केली.

‘‘काका, मनेका गांधी खटल्यात तेच आहे ना!’’

1978 चा तो निकाल तिला पाठ आहे. पासपोर्ट जप्त करण्याआधी म्हणणं ऐकून घेतलं नाही, हा त्यातला वादाचा मुद्दा, हेही ठाऊक आहे. कौतुकच आहे. पण प्रश्न मनेका गांधींचा नव्हता, माझ्या चार ओळींचा होता. पहिलं वाक्य ‘बरेच जण म्हणतात’ असं आहे, ते लेखकाचं मत म्हणून पुरं नाही. तिसऱ्या वाक्यातल्या ‘पण’नं सगळं वळवलं. आणि तिचा पर्याय ‘नेहमीच’मधल्या त्या एका ‘च’नं बुडाला. हे शब्द शोधून सापडत नाहीत, ओळीनं वाचलं तरच दिसतात. स्वतःचं ज्ञान उताऱ्यात कालवायचं नाही, हेही त्याच वाचनातून अंगवळणी पडतं.

दुसरा आक्षेप आमच्या भागात फार ऐकू येतो: क्लॅट हे इंग्रजी शाळेतल्या मुलांचं काम, मराठी माध्यमाच्या पोरांनी सीईटीपुरतंच पाहावं. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते, क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत. तेव्हा इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावा लागणार, त्यात सूट नाही. पण ‘रामच आला’ आणि ‘रामही आला’ यांतला फरक ज्याला न सांगता कळतो, त्याला इंग्रजीतला ‘ओन्ली’ आणि ‘ऑल्सो’ ओळखायला वेगळी बुद्धी लागत नाही. उताऱ्यावरच्या कृती तर तो शाळेत वर्षानुवर्षं सोडवत आलेला असतो.

परीक्षेत उतारे ठेवण्यामागचं कारणही उघड आहे. कायद्याच्या कलमात मुख्य नियम आधी येतो आणि ‘परंतु’नं सुरू होणारं परंतुक मागून. पुष्कळदा अशिलाची सुटका त्या परंतुकातच असते. 2025 पासून आमच्या मीरा-भाईंदरला स्वतःचं न्यायालय आहे. उद्या तिथं उभं राहणाऱ्या वकिलानं कलमातला एखादा शब्द शोधून पान उलटलं, तर त्याची किंमत अशील मोजेल, आणि ती पाव गुणाची नसेल.

एक कबूल करतो. शेवटची तीन मिनिटं उरली आणि एक उतारा जसाच्या तसा पडून असेल, तर खुशाल प्रश्न आधी वाचा. बुडत्याला काडीचा आधार चालतो; पण म्हणून कुणी पोहण्याच्या वर्गात काड्या वाटत नाही.

पालकांना एकच विनंती. क्लासचा पुढचा हप्ता भरण्याआधी मुलाला एखादा अग्रलेख वाचायला द्या आणि विचारा, यातलं कुठलं वाक्य लेखकाचं आणि कुठलं त्यानं खोडण्यासाठी मांडलेलं? ते सांगता आलं नाही, तर नवी चोपडी घेऊ नका. रोज एक अग्रलेख वाचायला लावा.