लागण थांबते, हे रुग्णाला सांगा

एचपीटीएन 052 या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष 2011 साली आले. जोडप्यातला एक जण एचआयव्हीने बाधित आणि दुसरा नाही, अशी 1,763 जोडपी नऊ देशांतून त्यात घेतली होती आणि भारतातली केंद्रे होती पुणे आणि चेन्नई. एका गटात बाधित जोडीदाराची एआरटी (विषाणू दाबणारी औषधे) लगेच सुरू केली, तर दुसऱ्या गटात सीडी फोर पेशींचे प्रमाण बरेच खाली येईपर्यंत वाट पाहिली. लगेच औषध मिळालेल्या गटात जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. पुढे 2016 साली अंतिम आकडे आले तेव्हा ही घट 93 टक्के भरली, पण त्या अहवालातले दुसरे वाक्य आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे होते. ज्यांच्या रक्तातला विषाणू औषधाने स्थिरपणे दबलेला होता, त्यांच्याकडून जोडीदाराला एकही लागण झालेली आढळली नाही. ज्या थोड्या लागणी झाल्या त्या विषाणू दबण्याआधीच्या किंवा उपचार निकामी ठरल्यानंतरच्या. युरोपातल्या पार्टनर अभ्यासाने 2016 आणि 2019 साली हेच दाखवले, तेही कंडोम न वापरणाऱ्या जोडप्यांत. 2023 साली जागतिक आरोग्य संघटनेने आपली भूमिका निःसंदिग्ध शब्दांत मांडली: व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) तपासणीत न सापडण्याइतका कमी असेल तर लैंगिक संबंधातून लागण होण्याचा धोका शून्य, आणि मिलिलिटरमागे 1,000 प्रती किंवा त्याखाली असेल तर जवळजवळ शून्य. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सात हजारांहून अधिक जोडप्यांमधल्या 323 लागणी तपासल्या गेल्या. त्यांपैकी फक्त दोन ठिकाणी बाधित जोडीदाराचा लोड हजाराच्या खाली नोंदलेला होता.

पुरावा इतका भक्कम असताना आमच्या मराठवाड्यातल्या किल्लारी, औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यातल्या दवाखान्यांत रुग्णाला हे सांगितले जाते का? आमच्या मते फार क्वचित. ‘गोळ्या चुकवू नका’ हे सांगितले जाते, ‘काळजी घ्या’ हेही सांगितले जाते. गोळ्या नीट चालू राहिल्या आणि लोड दबलेला राहिला तर तुमच्यापासून तुमच्या बायकोला, तुमच्या नवऱ्याला हा आजार होणार नाही, हे मात्र ओठावर येता येता राहते. हा संकोच आता निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न उरलेला नाही. या भागातल्या प्रतिबंधातला सगळ्यात मोठा अडसर तोच आहे, असे आमचे म्हणणे आहे.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचे 2023-24 चे आकडे याच दिशेने बोट दाखवतात. देशातल्या बाधितांपैकी 81 टक्के लोकांना आपली लागण माहीत आहे, त्यांतले 88 टक्के उपचारावर आहेत आणि उपचारावर असलेल्यांपैकी 97 टक्क्यांचा विषाणू दबलेला आहे. शंभर बाधित धरले तर 69 जणांचा विषाणू दबलेला निघतो आणि 31 उरतात. त्या 31 पैकी 19 जणांनी तपासणीच केलेली नाही, दहाएक जणांना माहीत असून ते उपचाराबाहेर आहेत, आणि गोळ्या घेऊनही ज्यांचा लोड दबलेला नाही असे जेमतेम दोन. म्हणजे औषध आपले काम चोख करते आहे. माणसेच औषधापर्यंत पोचत नाहीत. टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर यांची दिवसाला एक गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते, आणि 2017 पासून सीडी फोर कितीही असले तरी निदान होताच ती सुरू करता येते. असे असताना माणूस केंद्राची पायरी का चढत नाही? किल्लारीहून लातूर चाळीसेक किलोमीटर आहे, एसटीचे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते, हे खरेच. पण केसपेपरच्या खिडकीशी आपल्याच भावकीतले कोणी भेटेल, ही धास्ती त्या चाळीस किलोमीटरांपेक्षा मोठी असते. तपासणीतून हाती फक्त कलंक येणार आणि उरलेले आयुष्य आपण घरच्यांसाठी धोका म्हणून काढणार, अशी ज्याची समजूत आहे तो तपासणी टाळणारच. त्या समजुतीला उत्तर देणारे शास्त्र आपल्या हातात आहे.

याच औसा तालुक्यातल्या हासेगावचा अनुभव या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखा आहे. रवी बापटले यांनी 2007 साली तिथे एचआयव्हीबाधित मुलांसाठी ‘सेवालय’ सुरू केले. दोनच वर्षांनी, 2009 साली, ही मुले गावच्या जिल्हा परिषद शाळेत बसू लागली तेव्हा पालकांमधून विरोध उठला आणि त्याची बातमी देशभर झाली. एका बाकावर बसून, एका नळाचे पाणी पिऊन एचआयव्ही होत नाही, हे त्याच्या कितीतरी आधीपासून वैद्यकीय पुस्तकांत छापलेले होते. छापलेले असणे पुरेसे ठरले नाही. गाव तापाला, बाळंतपणाला, सर्पदंशाला ज्याच्याकडे धाव घेते त्याच्या तोंडून आलेले गावाच्या गळी उतरते. भिंतीवरच्या फलकाने ते काम होत नाही. सेवालयातली ती मुले आता मोठी झाली आहेत, तिथल्या तरुण-तरुणींची लग्नेही लागली आहेत. मराठवाड्यात आईच्या पोटातून विषाणू घेऊन आलेली आणि गोळ्यांवर वाढलेली पिढी आज विशी-पंचविशीत आहे. माझ्यामुळे समोरच्याला होईल का, हा तिचा पहिला प्रश्न असतो. पुण्यातल्या जोडप्यांनी ज्या अभ्यासात वर्षानुवर्षे सहभाग घेतला त्याचे उत्तर लातूर जिल्ह्यातल्या या मुलांना मिळू नये, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजूही दुबळी नाही. असे सांगितले की लोक कंडोम सोडतील आणि गरमी-परमा वाढेल, असे अनेक जण म्हणतात. गोळी या आजारांपासून वाचवत नाही, हे बरोबर आहे आणि ते रुग्णाला त्याच बैठकीत सांगितले पाहिजे. पण अर्धे सत्य लपवून कंडोम वापरला जात नाही. ज्या घरात तो वापरला जात नव्हता तिथे आपल्या मौनाने तो आलेला नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. व्हायरल लोड वर्षातून एकदाच तपासला जातो, मधल्या काळात गोळ्या तुटल्या तर कळणार कसे? ऊसतोडीला जाणारा कोयता, म्हणजे मजुरांचे जोडपे, दसऱ्यानंतर निघतो आणि चार-पाच महिने फडावर असतो. तिथे गोळ्या संपल्या तर विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि औषधाला प्रतिकार निर्माण होण्याचा धोकाही असतो. हा आक्षेप आम्ही पूर्ण मान्य करतो, म्हणूनच ते वाक्य अटीसह बोलावे: गोळ्या सलग चालू, सुरू करून किमान सहा महिने झालेले आणि अहवालात लोड दबलेला. आणि ही अट नीट समजलेला माणूस हंगामाला निघण्याआधी जास्तीच्या गोळ्या मागायला येईल, फडाजवळचे केंद्र विचारून ठेवेल. जोडीदाराला वाचवण्याचे कारण समजले तर गोळी घेण्याला जोर येतो. तिसरी मर्यादा मात्र कोणी विसरू नये. शून्य धोक्याचे हे विधान लैंगिक संबंधांपुरते आहे. अंगावर पाजणाऱ्या आईच्या बाबतीत औषधाने धोका खूप कमी होतो, पण तो शून्य झाला असे कोणी म्हणत नाही. तिथे आई आणि बाळ दोघांचेही औषध आणि तपासण्या ठरल्याप्रमाणे व्हायलाच हव्यात.

बाधित नसलेल्या जोडीदारासाठीच्या प्रतिबंधक गोळीकडे, म्हणजे प्रेपकडे, आम्ही याच चौकटीतून पाहतो. आफ्रिकेतल्या पार्टनर्स प्रेप अभ्यासात 2012 साली टेनोफोविर-एमट्रिसिटॅबिनच्या रोजच्या गोळीने जोडीदाराची लागण 75 टक्क्यांनी घटली. फेम-प्रेप आणि व्हॉइस हे दोन अभ्यास मात्र फसले, कारण त्यांतल्या बहुतेक स्त्रियांनी गोळ्या प्रत्यक्षात घेतल्याच नव्हत्या. आपल्याकडच्या बायका तरी कुठे घेतील, असा निष्कर्ष यातून काढणाऱ्यांनी कोलकात्याची दुर्बार समिती आणि म्हैसूरची अशोदया यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये चालवलेले प्रकल्प वाचावेत. आपल्याच संघटनेच्या बायकांनी समजावले, पाठपुरावा केला आणि दोन्ही ठिकाणी प्रकल्पाच्या काळात एकाही सहभागी स्त्रीला लागण झाली नाही. देशपातळीवरची मार्गदर्शक तत्त्वे 2022 साली आली. आता वर्षातून दोनदा टोचायचे लेनाकापाविर आले आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या 2,134 स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2025 मध्ये त्याची शिफारस केली. त्याच्या स्वस्त आवृत्तीचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे, आणि 2027 पासून वर्षाला सुमारे 40 डॉलर या दराने ते देण्याचे करार जाहीर झाले आहेत.

तरीही किल्लारीच्या दवाखान्यातून पाहताना या इंजेक्शनच्या प्रतीक्षेत आजचे काम थांबवणे चुकीचे ठरेल. इथे प्रेपची सगळ्यात निकडीची गरज आहे ती नव्याने निदान झालेल्याच्या जोडीदाराला, उपचार सुरू झाल्यापासून विषाणू दबेपर्यंतच्या सहा महिन्यांसाठी. केनिया आणि युगांडात याच पद्धतीने, आधी दोघांना औषध आणि मग फक्त बाधिताला, होऊ शकणाऱ्या जवळजवळ सगळ्या लागणी टळल्या. खर्चाचा आक्षेप इथे फार टिकत नाही, कारण हा काही महिन्यांचा प्रश्न आहे. काळजी मात्र घ्यावी लागते. सुरू करण्याआधी एचआयव्ही नसल्याची खात्री, मूत्रपिंडाची आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी, दर तीन महिन्यांनी पुन्हा एचआयव्ही तपासणी. लागण झालेल्या माणसाला नकळत प्रेप दिले तर प्रतिकाराला आपणच वाट करून देऊ.

या सगळ्यात खासगी दवाखान्याच्या वाट्याला येणारे काम थोडे आहे, पण त्याच्यावाचून पुढची साखळी हलत नाही. शस्त्रक्रियेआधी न विचारता तपासणी करून, अहवाल नातेवाइकाच्या हाती देऊन रुग्णाला ‘मोठ्या दवाखान्यात जा’ म्हणून वाटेला लावणे हा 2017 च्या एचआयव्ही कायद्याचा भंग आहे, आणि त्या रुग्णाने पुन्हा कुठल्याच केंद्रात न जाण्याचे ते एक कारण ठरते. संमती घेऊन तपासा, निदान झाले तर एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाशी त्याच दिवशी फोनवर बोला, तो तिथे पोचला का ते पुढच्या आठवड्यात विचारा. आणि लोड दबल्याचा कागद घेऊन तो परत आला, त्याची तयारी असली, तर नवरा-बायको दोघांना समोर बसवून त्या कागदाचा अर्थ स्पष्ट शब्दांत सांगा. ते काम दुसऱ्या कोणावर सोपवू नका.