अदृश्य सेवक

बीडजवळची खजाना विहीर आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सोळाव्या शतकांत बांधलेल्या ह्या विहिरीचें पाणी भूमिगत पाटानें, मोटेवांचून, शेतांकडे जावें अशी योजना आहे. बांधणाऱ्याची थोरवी पाणी सांपडण्यांत नाहीं. आपल्या पश्चात् तें वाहत राहील अशी व्यवस्था लावण्यांत आहे. संगणकाच्या शिक्षणांत हाच धडा आपण विसरतों, असें माझें मत आहे.

शाळेचे निकाल व हजेरी ज्या सर्व्हरवर असतात, त्यावर पडद्यास न दिसणारे अनेक सेवक अहोरात्र राबत असतात. त्यांस ‘डीमन’ म्हणतात. नांव ऐकून पालकांनीं दचकूं नये. शुभवर्तमानांतलें भूत तें हें नव्हे! अमेरिकेंतील एम.आय.टी. येथें १९६३ च्या सुमारास हें नांव पडलें, तें पदार्थविज्ञानवेत्ता मॅक्सवेल ह्यानें कल्पिलेल्या, अविश्रांत रेणू निवडणाऱ्या प्राण्यावरून.

लिनक्स प्रणालींत ‘स्टार्ट’ व ‘एनेबल’ ह्या आज्ञा भिन्न आहेत. पहिलीनें सेवक आज कामास लागतो. दुसरीनें, यंत्र पुन्हां सुरू होतांच तो आपण होऊन हजर होतो. आपल्याकडे वीज जाणें नवलाचें नाहीं. वीज परतली, सर्व्हर जागा झाला, पण ‘एनेबल’ न केलेला सेवक निजलेलाच राहिला, तर ऊसतोडीस परमुलखीं गेलेल्या आईबापांस लेकराचा निकाल कसा कळावा? रात्रीं काढावयाच्या नकलेचेंही तसेंच. ठरल्या घटकेस यंत्र बंद असल्यास ‘क्रॉन’ हा जुना सेवक ती पाळी सोडून देतो. ‘सिस्टिमडी’च्या टायमरला ‘पर्सिस्टंट’ ही अट घातल्यास तो चुकलेली पाळी मागाहून भरून काढतो.

कोणी म्हणतील, सर्व आपोआप झाल्यास मुलें आळशी बनतील. मला तसें वाटत नाहीं. सेवक नेमणाऱ्यानें त्यास कामापुरताच अधिकार द्यावा, सर्वाधिकारी ‘रूट’ करूं नये. तो पडल्यास पुन्हां उठेल अशी तजवीज करावी. आणि त्याची रोजनिशी नित्य वाचावी. वारंवार पडून उठणारा सेवक बाहेरून धडधाकटच भासतो. त्याचा दोष रोजनिशींतच दिसतो. विहिरीचाही गाळ काढावाच लागतो.

म्हणून मुलानें कार्यक्रम चालवून दाखविला, एवढ्यावर गुण देऊं नयेत. शिक्षकांनीं यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें. कोणाचा हात न लागतां काम उभें राहिलें, तरच तें पुरें झालें असें मानावें. विश्वासू कारभाऱ्याची परीक्षा धनी दूर असतांनाच होत असते.